खवडा पोरांच्या डोक्यावर, कीं कारभाराच्या?

रोगाला जात नसते, परंतु रोग्याला ती चिकटविलेली असते. हें वाक्य आम्हीं अलंकारासाठीं लिहिलेलें नाहीं. कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांतील वाड्यांतून व वसतिगृहांतून कातकऱ्यांचीं, ठाकरांचीं, कोळ्यांचीं, आगरी-कुणब्यांचीं पोरें शाळेला येतात. त्यांतल्या एखाद्याच्या डोक्यावर रुपयाएवढा केंस झडलेला चट्टा दिसला, खपली दिसली, कीं पोराच्या डोक्याची तपासणी होण्याऐवजीं त्याच्या कुळाची तपासणी सुरू होते. "हे लोक असेच. आंघोळ नाहीं, पांघरूण नाहीं, एका फणीनें दहा जणांचीं डोकीं विंचरायचीं. ह्यांना औषध देऊन काय उपयोग?" इतकें बोलून झालें म्हणजे बोलणाऱ्याचें कर्तव्य संपतें. पोर मागच्या बाकावर जातें, तेथून दाराबाहेर जातें, आणि दाराबाहेरून वीटभट्टीवर जातें. ह्या तीन पायऱ्या रोगानें बांधलेल्या नाहींत, माणसांनीं बांधलेल्या आहेत. आणि माणसांनीं बांधलेलें माणसांस मोडतां येतें, एवढेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे.

प्रथम रोग म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडे ज्याला खवडा म्हणतात तो बहुतेक वेळां गजकर्णाचाच सख्खा भाऊ. अंगावर उठला तर नायटा, डोक्यांत शिरला तर खवडा. त्याचा कर्ता म्हणजे डोळ्यांना न दिसणारी एक बुरशी. ती केंसाच्या मुळांत शिरते, केंस आंतून पोखरते आणि तो कातडीपाशींच तुटून पडतो. म्हणून त्या चट्ट्यांत पुष्कळदां काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे तुटलेल्या केंसांचे बुंधे. आपल्या देशांत हा उद्योग बहुधा ट्रायकोफायटन व्हायोलेसियम नांवाची बुरशी करते आणि तिचें घर म्हणजे माणूसच. एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर ती फणी, टोपी, उशी, टॉवेल, वस्तरा ह्यांच्या पाठीवर बसून जाते. बुरशीची दुसरी एक जात मांजराच्या व कुत्र्याच्या पिलांकडून येते. मोठ्या माणसांच्या डोक्याला हा रोग क्वचित् होतो, कारण वयांत आल्यावर डोक्याच्या कातडींतून जो तेलकट पदार्थ पाझरूं लागतो तो ह्या बुरशीला मानवत नाहीं. म्हणजे हा पोरांचाच रोग आहे, शाळेच्या वयाचा रोग आहे. जेथें पुष्कळ पोरें एका खोलींत दाटीनें निजतात तेथें तो पसरतो; मग ती खोली लंडनच्या गरीब वस्तींतली असो, मुंबईच्या चाळींतली असो, कीं कर्जतच्या वसतिगृहांतली असो. ती बुरशी कोणापाशीं जातीचा दाखला मागत नाहीं. दाखला मागतो तो माणूस.

ह्या बुरशीची ओळख काल-परवांची नव्हे. १८४३ च्या सुमारास पॅरिस शहरांत डेव्हिड ग्रुबी नांवाच्या वैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं ती केंसांत दाखवून दिली. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यांस सांपडला तो १८८२ सालीं. म्हणजे खवड्याचें कारण त्याच्याही जवळजवळ चाळीस वर्षें आधीं ठाऊक झालें. महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा घातली ती १८४८ सालीं. आमच्या लेंकींच्या हातांत पाटी येण्याच्या आधीं जगाच्या हातांत ह्या रोगाचें कारण आलें होतें. आज त्याला एकशें ऐंशी वर्षें उलटून गेलीं. इतक्या वर्षांनीं कोणी शिकलासवरलेला मास्तर वर्गांत उभा राहून खवड्याचें कारण पोराच्या आडनांवांत शोधीत असेल, तर आम्ही विचारतों, अडाणी कोण? पोर, कीं मास्तर?

कारण जसें जुनें तसें औषधही नवें नाहीं. ग्रिसिओफुल्विन हें द्रव्य १९३९ सालीं एका बुरशीपासूनच निघालें. काट्यानें काटा काढावा तसा हा प्रकार. १९५८ पासून त्याच्या गोळ्या माणसांस देऊं लागले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठींच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत तें नांव आहे. टर्बिनाफीन म्हणून दुसरी गोळी आहे, तीही ह्या रोगावर चालते. कोणती द्यावयाची आणि किती, तें डॉक्टरानें पोराचें वजन करून ठरवावयाचें. ग्रिसिओफुल्विन जेवणानंतर, कांहीं स्निग्ध पोटांत गेल्यावर घ्यावें लागतें, आणि तें सहा ते आठ आठवडे, कधीं त्याहूनही अधिक, न चुकतां घ्यावें लागतें. ह्यांत ना शस्त्रक्रिया, ना मुंबईची वारी, ना कर्ज. एक गोळी, एक घोट दूध किंवा मूठभर शेंगदाणे, आणि रोज आठवण करून देणारें एक माणूस. एवढ्यावर बरा होणारा रोग ज्या पोराच्या डोक्यावर महिनोन्‌महिने राहतो, त्या पोराला रोग झालेला नसून कोणीतरी आपलें काम केलेलें नाहीं, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां गोळीच्या जागीं काय चालतें तें पाहा. पहिला उपाय वस्तरा. एकाला खवडा झाला कीं रांगेनें बसवून सगळ्यांचीं डोकीं भादरावयाचीं, मुलगे नाहीं मुली नाहीं! बुरशी केंसाच्या मुळांत बसलेली. वरचा केंस कापल्यानें ती कशी मरावी? उलट एकाच वस्तऱ्यानें दहा डोकीं केलीं तर नऊ डोक्यांवर तिची पेरणी होते. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांची अकादमी स्पष्ट सांगते कीं उपचार चालू असतां मुंडण करण्याची वा टोपी घालून बसविण्याची कांहीं गरज नाहीं. मग मुंडण कशासाठीं? आम्ही सांगतों. मुंडणानें पोर ओळखूं येतें. दहा वर्षांच्या ठाकराच्या मुलीचें डोकें भादरून तिला वर्गांत बसविणें हा औषधोपचार नव्हे, ती शिक्षा आहे, आणि ती शिक्षा कोणत्या गुन्ह्याची तें शिक्षा करणाऱ्यालाही सांगतां येणार नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यांतील १७ वें कलम मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करतें. हें कलम शाळेच्या भिंतीवर लावण्यापुरतें आहे काय?

दुसरा उपाय मलम. बाजारच्या दिवशीं औषधाच्या दुकानांत जाऊन "गजकर्णाचें द्या" म्हणावें, कीं दुकानदार एक नळी काढून देतो. तिच्यांत पुष्कळदां बुरशीचें औषध, जंतूंचें औषध आणि स्टेरॉइड ह्यांची खिचडी असते. स्टेरॉइडमुळें दोन दिवसांत खाज थांबते. बाप म्हणतो, काय गुण आला! परंतु खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असें नव्हे. पहारेकऱ्याला गुंगीचें औषध पाजावें तसा हा प्रकार. अंगाची रोगाशीं झगडण्याची शक्तिच मंदावते आणि बुरशी निर्धास्त पसरते. असलीं स्टेरॉइडचीं मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत, असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला. नियम झाला, पण दुकानाच्या फळीवर तो कितपत पोहोंचला हें कोणत्याही बाजारांत उभें राहून पाहावें. अशा अर्धवट उपचारांनीं अंगावरच्या नायट्याची जी साथ देशभर माजली, तिच्यांतील एका चिवट बुरशीला शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं नांव दिलें तें आमच्या देशावरूनच: ट्रायकोफायटन इंडोटिनी! टर्बिनाफीनसारख्या गोळीलाही ती पुष्कळदां दाद देत नाहीं. देशाचें नांव जगांत निघावें तर असें!

आणि मलम खरें असलें, शुद्ध असलें, तरी डोक्यावरच्या खवड्याला तें एकटें पुरत नाहीं, कारण मलम केंसाच्या मुळापर्यंत उतरत नाहीं. आमच्या आयाबाया पावसाळ्यांत बांधावर उगवणारा टाकळा ओरबाडून नायट्यावर त्याचा पाला चोळीत आल्या. त्या विद्येची आम्ही थट्टा करीत नाहीं. परंतु अंगावरचा नायटा वेगळा आणि केंसाच्या मुळांतला खवडा वेगळा. तेथें पाला पोहोंचत नाहीं, रॉकेल पोहोंचत नाहीं, चुनाही पोहोंचत नाहीं, आणि भगताचा अंगारा तर नाहींच नाहीं. तेथें रक्तांतून जाणारी गोळीच पोहोंचते. कांहीं पोरांच्या डोक्यावर मऊ, पिकलेल्या गळवासारखी सूज येते. अडाणी हात तिला गळूं समजून चाकू लावतात. ती कापावयाची नसते. तिलाही गोळीच लागते. वेळेवर गोळी न मिळाली तर तेथें वण पडतो आणि त्या जागीं पुन्हां केंस उगवत नाहीं. जन्मभर पुरणारें तें टक्कल म्हणजे पोराच्या डोक्यावर कारभारानें मारलेला शिक्का आहे.

तिसरा उपाय हकालपट्टी. "बरा होईपर्यंत घरीं राहा." हें वाक्य ऐकावयास किती दयाळू! पण घर म्हणजे काय? दिवाळी झाली कीं कातकऱ्याचें घर उचल घेतलेल्या मुकादमाच्या मागोमाग वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातें तें पावसाच्या तोंडावर परततें. त्या भट्टीवर ना मास्तर, ना गोळी, ना गोळीची आठवण करणारें माणूस. शाळेंत राहिलें असतें तर दोन महिन्यांत बरें झालें असतें तें पोर खवडा घेऊन गेलें, भट्टीवरच्या भावंडांना देऊन आलें, आणि परत आलें तर पुढच्या वर्षीं, नाहीं तर कधींच नाहीं. योग्य औषध सुरू झालेल्या मुलाला शाळेबाहेर ठेवण्याचें कांहीं कारण नाहीं, हें आजचें वैद्यकशास्त्र सांगतें. म्हणजे खवड्याच्या पोराला घरीं धाडणें हें शास्त्रही नव्हे आणि दयाही नव्हे. तो विटाळच आहे. फक्त सोंवळ्याच्या जागीं आतां स्वच्छतेचें नांव आलें आहे.

कोणी म्हणेल, "स्वच्छता तर पाहिजेच ना?" पाहिजे. बाबांनो, आम्ही कधीं नको म्हटलें? परंतु स्वच्छतेला पाणी लागतें, आणि पाण्याची गोष्ट निघाली म्हणजे ह्या दोन तालुक्यांनीं कोणापुढें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. खोपोलीला टाटांचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें, भिवपुरीचें १९२२ सालीं. घाटावर अडविलेलें पाणी आमच्या ह्या डोंगराच्या पायथ्याशीं उतरलें आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. भिवपुरीहून सुटणारें पाणी उल्हास नदीला मिळतें आणि खालच्या शहरांची तहान भागवितें. खोपोलीहून सुटणारें पाणी पाताळगंगेंतून कारखान्यांना जातें. खालापूर तालुक्यांतील मोरबे धरण तर नवी मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचें आहे. शहरांतल्या पोरानें नळ सोडला कीं आमच्या डोंगराचें पाणी धो धो वाहतें. त्या पोराचें डोकें स्वच्छ असतें, आणि त्या स्वच्छतेचें श्रेय त्याच्या संस्कारांना मिळतें! ज्या डोंगरांतून तें पाणी गेलें त्या डोंगरांतल्या वाडीवरची बाई उन्हाळ्यांत हंडा घेऊन पाण्यामागें फिरते. तिच्या पोराचें डोकें मळलेलें असतें, आणि त्या मळाचा दोष तिच्या जातीला मिळतो! वाहवा रे न्याय! पाणी घ्यावयाचें एकानें आणि घाणेरडें म्हणावयाचें दुसऱ्याला!

हाच जिल्हा कुलाबा ह्या नांवानें ओळखला जात असतां, २० मार्च १९२७ रोजीं महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्यावर उतरले आणि त्यांनीं ओंजळभर पाणी प्राशन केलें. त्याच्या आधीं १९२३ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत सीताराम केशव बोले ह्यांनीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला होता. ठराव कागदावर होता. पाणी तळ्यांत होतें. मध्यें माणसांचीं मनें होतीं. आजही कागद, पाणी आणि मनें हीं तिन्ही तशींच एकमेकांपासून दूर बसलेलीं आहेत. वसतिगृहांत आंघोळीला पाणी नसेल तर तो पोराचा दोष नव्हे. आणि हेंही ध्यानांत ठेवावें कीं पाणी भरपूर असलें तरी नुसत्या आंघोळीनें खवडा जात नाहीं. तेव्हां आधीं पाणी आणि मग गोळी असा क्रम लावून ज्यांना दोन्ही टाळावयाचें असेल त्यांची ती पळवाट आम्ही येथेंच बंद करतों. पाणीही पाहिजे आणि गोळीही पाहिजे. पण गोळी आज पाहिजे.

खवड्याच्या निमित्तानें गरिबाच्या पोराला हीन लेखण्याची ही वृत्ति एकट्या आमच्या देशांतली नव्हे. इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर उत्तर आफ्रिकेंतून व मध्यपूर्वेंतून यहुदी कुटुंबें तेथें आलीं. त्यांच्या पोरांच्या डोक्यांतल्या खवड्यावर सरकारनें क्ष-किरण सोडले. हजारों पोरांचीं डोकीं त्या किरणांखालीं धरलीं गेलीं. ती रीत त्या काळीं जगांत मान्य होती हें खरें. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसच्या सबुरो ह्यांनीं तिला रूप दिलें होतें, आणि गोळी अजून निघावयाची होती. परंतु युरोपांतून आलेले पुष्कळ कारभारी ह्या पूर्वेकडच्या लोकांस मागासलेले समजत, आणि पुष्कळ आईबापांस आपल्या पोरांचें काय चाललें आहे तें नीट सांगितलेंही गेलें नाहीं. पुढें १९७४ सालीं डॉ. बारूख मोदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असल्या सुमारें ११ हजार मुलांचा मागोवा घेऊन दाखविलें कीं त्यांच्यांत मेंदूच्या व गळ्यांतील ग्रंथीच्या गाठींचें प्रमाण इतरांहून अधिक आहे. १९९४ सालीं त्या देशाला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. ज्या रोगानें कोणी मरत नाहीं, त्या रोगावरच्या उपायानें माणसें मेलीं! ह्यावरून आम्ही एवढाच बोध घेतों: ज्याच्या पोराला आपण आपलें पोर समजत नाहीं, त्याच्या पोरावर आपण उपाय करीत नसतों, त्याचा बंदोबस्त करीत असतों.

आपल्याकडे ह्या रोगाचें खापर फोडावयाला आणखी एक डोकें सांपडतें, तें नाभिकाचें. "न्हाव्याकडून आला" म्हटलें कीं झालें. वस्तरा, कात्री व फणी धुतलीच पाहिजे, पातें दर गिऱ्हाइकाला नवें पाहिजे, हें आम्ही आमच्या नाभिक बांधवांस आवर्जून सांगतों; आणि त्यांस तें अवघड नाहीं. परंतु ज्यांनीं ह्या समाजाला नांवें ठेवावयाचीं त्यांनीं इतिहास वाचावा. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचें केशवपन करण्यास नकार दिला. दुसऱ्याच्या अब्रूसाठीं आपल्या रोजगारावर पाणी सोडणारा तो वस्तरा! आणि कर्जत तालुक्यानें तर हें विसरूंच नये, कीं माथेरानला १९१२ सालीं नाभिकाच्या घरीं जन्मलेले, पुढें वकील झालेले विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल ह्यांनीं ह्याच तालुक्याच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या, सावकाराच्या दाढेंतून गरिबाला सोडविण्यासाठीं धान्यकोठ्या उभ्या केल्या, १९४२ च्या लढ्यांत विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडावर गोळी खाऊन प्राण ठेवला. त्यांच्याबरोबर हिराजी पाटील पडले. आज त्यांच्या नांवाचे जयजयकार होतात, हार पडतात, भाषणें होतात. आम्ही विचारतों: ज्या वाड्यांत शाळा यावी म्हणून कोतवालांनीं पायपीट केली, त्या वाड्यांतलें पोर डोक्यावरच्या चट्ट्यासाठीं शाळेबाहेर काढलें जात असेल, तर हार कोणाच्या गळ्यांत घालतां?

आतां सरकारकडे वळूं. सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. सरकारनें कागद केला आहे आणि कागद चांगला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला, तो ह्याच कोंकणपट्टींत, तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील पालघर येथें. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करावयाची. अंगणवाडींत वर्षांतून दोनदां, शाळेंत वर्षांतून एकदां. पथकांत डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता. तपासावयाच्या व्याधींची यादी तीस, आणि त्या यादींत त्वचारोग आहेत. खरूज, बुरशीचा रोग, इसब अशीं नांवें घालून ते लिहिले आहेत. म्हणजे खवडा दिसला नाहीं असें म्हणण्याची सोय सरकारनेंच स्वतःला ठेवलेली नाहीं. मग प्रश्न एवढाच उरतो: पथक आलें, पोराचें नांव लिहिलें, पुढें काय? सहा-आठ आठवड्यांचा उपचार वर्षांतून एकदां येणारी मोटार कसा पुरा करणार? नांव लिहिणारा हात आणि गोळी देणारा हात ह्यांच्यामध्यें जी दरी आहे ती माथेरानच्या कड्याहून खोल आहे.

आणि ती बुजविण्यास नवें कांहीं लागत नाहीं, हें तर आमच्या संतापाचें खरें कारण! आश्रमशाळा म्हणजे काय? जेथें पोर निजतें, जेवतें आणि शिकतें अशी जागा. गोळी जेवणानंतर द्यावयाची. जेवण तेथेंच आहे. रोज द्यावयाची, पोर रोज तेथेंच आहे. शेजारी निजणाऱ्या पोरांचीं डोकीं पाहावयाचीं. तींही तेथेंच आहेत. शहरांतल्या डॉक्टराला जी सोय स्वप्नांतही मिळत नाहीं ती आश्रमशाळेंत आयती आहे. शहरांतली आई कामाच्या गडबडींत गोळी विसरते. येथें अधीक्षक हजेरी घेतो, त्याच हजेरींत एक रकाना वाढवावयाचा. रोगाची खात्री करावयाची तर क्षयाचा बेडका ज्या सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात तोच पुरे. दोन तुटके केंस, थोडी खपली, त्यावर पोटॅशच्या द्रावाचा एक थेंब, आणि काच. ह्याला कोट्यवधींची निविदा लागत नाहीं. कदाचित् म्हणूनच तें होत नाहीं!

येथें आम्हांस आपल्याच लोकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत. पूर्वी शाळा भटशाहीच्या हातांत होत्या, म्हणून आमचीं पोरें ओसरीवर बसलीं, असें आम्ही म्हणत आलों आणि तें खरें आहे. परंतु आज कित्येक अनुदानित आश्रमशाळांचे चालक, पुढारी आणि मास्तर आमच्याच बहुजन समाजांतले आहेत. सत्यशोधकांचें नांव घेऊन ते व्यासपीठावर चढतात. त्यांच्या वसतिगृहांत कातकऱ्याचें पोर दुसऱ्याच्या उशीवर निजत असेल आणि दहा जणींत एक फणी असेल, तर जोतीरावांचें नांव त्यांच्या तोंडीं शोभतें काय? ब्राह्मण्य ही एका जातीची मिरास नव्हे. जो कोणी आपल्या खालीं एक पायरी शोधतो आणि तिच्यावर दुसऱ्याचें पोर बसवितो, तो कोणत्याही जातींत जन्मो, त्याच्या डोक्यांत तीच बुरशी वाढली आहे. आणि तिच्यावर ग्रिसिओफुल्विन चालत नाहीं. १९१७ सालीं शाहू छत्रपतींनीं करवीरांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें तें पटावर नांवें वाढावीं म्हणून नव्हे, पोरें वर्गांत टिकावीं म्हणून.

सबब आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयानें, जिल्हा परिषदेनें आणि दोन्ही तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांनीं त्या ऐकाव्या. एक, शाळा उघडतांच पहिल्या पंधरवड्यांत प्रत्येक आश्रमशाळेंत व वस्तीशाळेंत प्रत्येक पोराचें डोकें उजेडांत पाहावें. आणि दिवाळीनंतर स्थलांतराच्या आधीं पुन्हां पाहावें. दोन, किती पोरें तपासलीं, किती जणांस खवडा निघाला, किती बरे झाले, हे तीन आंकडे शाळेच्या फलकावर लावावे. नांवें लावूं नयेत. तीन, ह्या रोगाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठेवाव्या आणि पुरा उपचार एकदम हिशेबानें द्यावा. अर्ध्यावर संपलेली बाटली म्हणजे फुकट गेलेली बाटली. चार, एकाला रोग निघाला कीं त्याच्या भावंडांचीं आणि अंथरूण-शेजाऱ्यांचीं डोकीं पाहावीं व डॉक्टराच्या सल्ल्यानें बुरशीनाशक शाम्पू द्यावा, कारण कांहीं पोरें चट्टा नसतांही बुरशी वाहतात. पांच, प्रत्येक पोराला स्वतःची फणी, टॉवेल आणि उशीचा अभ्रा द्यावा. सहा, जें कुटुंब भट्टीवर जाईल त्याच्या हातीं उरलेल्या गोळ्या व चिठ्ठी द्यावी, आणि भट्टी ज्या गांवच्या हद्दींत असेल तेथील आशाताईला कळवावें. सात, खवड्यासाठीं मुंडण आणि घरीं धाडणें हीं दोन्ही आजपासून बंद झालीं असें लेखी फर्मान काढावें.

ह्यांत कोणतीही मागणी अशी नाहीं कीं जिच्यासाठीं दिल्लीला जावें लागेल. फणीची किंमत तालुक्याच्या बाजारांत कोणीही विचारून यावी, आणि मग सांगावें कीं सरकारापाशीं पैसा नाहीं.

वाडीवरच्या आयाबापांस आमचें सांगणें निराळें आहे. पोराच्या डोक्यावर चट्टा दिसला तर लपवूं नका, लाजूं नका आणि दुकानांतली नळी आणूं नका. तो तुमच्या कुळाचा दोष नव्हे, देवीचा कोप नव्हे, मागच्या जन्मींचें पाप नव्हे. पोराला घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रांत जा. तेथें भागलें नाहीं तर कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयांत जा. "मलम नको, डोकें तपासा आणि गोळीचें सांगा," असें म्हणा. गोळी सुरू झाली कीं डॉक्टर थांब म्हणेपर्यंत थांबवूं नका. केंस उगवूं लागले म्हणजे रोग गेला असें नव्हे. आणि मास्तर म्हणाला, "ह्याला घरीं न्या," तर चार वाड्यांचे चार जण मिळून शाळेंत जा, औषधाची चिठ्ठी टेबलावर ठेवा आणि विचारा: कोणत्या नियमानें? एकट्या कातकऱ्याला दार दाखवितां येतें. चार वाड्यांना दाखवितां येत नाहीं.

शाळेची घंटा जून महिन्यांत पुन्हां वाजेल. त्या दिवशीं कर्जत-खालापुरांतील प्रत्येक वाचकानें आपल्या गांवच्या शाळेंत जावें, आणि फलकावर ते तीन आंकडे आहेत कीं नाहींत तें पाहावें. नसतील तर मागावे. मिळाले नाहींत तर आम्हांस कळवावें. ह्या पत्राचे रकाने त्यासाठींच मोकळे ठेवले आहेत.